म्हणे रेझिनला हातमोजे लागत नाहीत!

चांदीच्या कोंदणात रेझिन (ओतल्यावर कडक होणारं पातळ प्लास्टिक) ओतून पेंडंट करायचे व्हिडिओ सध्या सगळीकडे फिरतायत. सगळ्यांत तेच पालुपद: यूव्ही रेझिन, म्हणजे अतिनील प्रकाशाने कडक होणारं, नॉन-टॉक्सिक आहे, वास नाही, हातमोजे नकोत, दोन मिनिटांत पक्कं होतं, खालची चांदी कधी काळी पडत नाही, कडी मागाहून झाळली तरी चालते. माझ्या भाचीने यावर विश्वास ठेवला. आता तिच्या बोटांची टोकं खाजतायत, कातडी फुटलीय, आणि वर मलाच म्हणते, "मावशी, पण ते सेफ आहे ना!"

नाही, सेफ नाही. बाटलीवरचं लेबल सोडा, उत्पादकाकडून त्याच मालाची सेफ्टी डेटा शीट (धोक्यांची माहिती देणारा कागद) मागवा आणि तिचा दुसरा विभाग वाचा. यूव्ही असो की इपॉक्सी (दोन द्रव मिसळून कडक होणारं रेझिन), तिथे बहुतेक वेळा एच ३१७ हा कोड सापडतो. अर्थ: त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. विकणाराच कागदावर हे लिहून देतो, आणि व्हिडिओवाले उघड्या बोटाने रेझिन पसरवतात! ही ॲलर्जी पहिल्याच दिवशी दिसत नाही, म्हणून लोक फसतात. कित्येक महिने काही होत नाही, मग एकदा शरीर बिथरलं की सहसा जन्मभर थेंबभर रेझिनही सोसत नाही. दातांत भरायच्या कंपोझिटमध्ये यूव्ही रेझिनमधल्या ॲक्रिलेट रसायनांच्याच कुळातली मेथॅक्रिलेट असतात, म्हणजे पुढे दाढ भरतानाही हे आडवं येऊ शकतं.

वासाचा तर इथे संबंधच नाही. ॲलर्जी स्पर्शाने होते. हातमोजे घ्यायचे ते नायट्राइलचे (एक कृत्रिम रबर), लेटेक्समधून ॲक्रिलेट सहज आरपार जातात. नायट्राइलवरही रेझिन सांडलं की लगेच बदलायचे. बोटाला लागलं तर ॲसिटोनने पुसू नका, पातळ होऊन ते आणखी पसरतं, साबण-पाण्याने धुवा. पुरळ उठलं असेल तर काम बंद, आणि ती डेटा शीट घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

एक मान्य करावं लागेल. पूर्ण पक्कं झालेलं रेझिन घालणाऱ्याला सहसा त्रास देत नाही. पण 'पूर्ण' या अटीवरच तर सगळं अडतं. चांदीतून प्रकाश जात नाही, त्यामुळे कोंदणात तो फक्त वरून येतो. रेझिन खोल ओतलं किंवा त्यात गडद रंग घातला, तर वरची साय कडक होते आणि तळाशी चिकट ओला थर तसाच राहतो. मग वरून घासायला घेतलं की कच्चं रेझिन बाहेर येतं. पातळ थर ओता, प्रत्येक थराला वेगळा प्रकाश द्या.

चांदी काळी पडण्याचं म्हणाल, तर नीट बसलेल्या रेझिनखाली ती बराच काळ टिकते. उघड्या कडा मात्र हवेतल्या गंधकाने काळवंडणारच. शिवाय आरशासारख्या पॉलिशवर रेझिन धरत नाही. तळ खरवडून, तेलकटपणा काढूनच ओतायचं.

आणि कडी मागाहून झाळायची? चांदीची झाळ वितळायला साधारण ६५० अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता लागते. त्याच्या कितीतरी आधी रेझिन जळून काळं होतं आणि घातक धूर सोडतं. झाळणं, ॲसिडमध्ये उजळणं, घासणं हे सगळं आधी, रेझिन त्यानंतरच.