करार करा, वकील टाळा

'वाजवी मुदतीत', 'शक्य तितके प्रयत्न' असलं काहीबाही लिहायचं आणि मग अर्धं आयुष्य तारखांना जायचं, हे जुन्या लोकांचं झालं. तुम्ही शहाणे आहात. तुम्ही करार थेट कोडमध्येच लिहा. 'यातून तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं?' हा प्रश्नच उरत नाही. कोड नुसता चालतो. ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या सामायिक वहीत, चढला की काळ्या दगडावरची रेघ.

फक्त आधी पैसे देऊन मग वहीत मांडायची सवय असेल, तर ती सोडा. २०१६ साली 'इथेरियम' ब्लॉकचेनवरच्या 'द डाओ' या सामायिक गुंतवणूक निधीच्या कोडमध्ये क्रम नेमका तसा होता. गल्ल्यावरच्या मुनिमाने नोटा हातावर ठेवाव्यात आणि त्याने लेखणी उचलायच्या आत गिऱ्हाइकाने पुन्हा हात पसरावा. वहीत शिल्लक तेवढीच दिसते, मुनीम बिचारा पुन्हा मोजून देतो. आणि पुन्हा. १७ जूनला एका गिऱ्हाइकाने असे सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं डिजिटल चलन) नेले. तेव्हाच्या भावाने पाच कोटी डॉलरच्या वर.

चोर म्हणून बोंब झाली. पण चोर कसा? डाओच्या अटींतच लिहिलं होतं की खुलासे फक्त समजण्यापुरते, खरा करार कोड. म्हणजे त्या गृहस्थाने तो इतरांपेक्षा जरा लक्ष देऊन वाचला, एवढाच गुन्हा. तरी २० जुलैला हार्ड फोर्क झाला, म्हणजे ती लूट उलटवणारी ब्लॉकचेनची वेगळी शाखा काढली. रेघ पुसता येईना, म्हणून मंडळींनी दगडच बदलला. जुना दगड धरून बसले ते 'इथेरियम क्लासिक'वाले. थोडक्यात, निकाल चावडीवरच लागला.

त्यापेक्षा सिंगापूरचं कोर्ट बरं. तिथे एप्रिल २०१७ मध्ये एका एक्स्चेंजवर, म्हणजे डिजिटल चलनांच्या बाजारात, बिघाड झाला आणि दोन्हीकडच्या प्रोग्रामनी बाजारभावाच्या अडीचशेपट दराने सौदे उरकले. एका इथरला दहा बिटकॉइन! एक्स्चेंजने दुसऱ्या दिवशी सौदे उलटवले, प्रकरण कोर्टात गेलं. चूक झाली होती हे फायदा झालेल्याला ठाऊक होतं का, हा प्रश्न आला. पण प्रोग्रामला मन कुठलं? मग २०२० मध्ये अपील कोर्टाने बहुमताने सांगितलं की प्रोग्राम लिहिताना प्रोग्रामरच्या मनात काय होतं ते बघा. त्याच्या मनात लबाडी सापडली नाही. सौदे उलटवणारं एक्स्चेंज हरलं. मनातलं बिनमनातलं शोधायला नको म्हणून कोड आणला होता, हे सहज आठवलं.

इंग्लंडच्या विधी आयोगाने तर २०२१ मध्ये सुचवलं की वाद झाला तर कोडचा अर्थ 'समंजस कोडर' काय लावेल, ते पाहावं. असा एखादा आत्तापासूनच हेरून ठेवा. तो मिळणं वकील मिळण्याइतकं सोपं नाही. आणि तुमच्या कोडमध्ये चाळिसाव्या ओळीवर 'हे तूर्त असंच, नंतर नीट करू' अशी टिप्पणी आहे ना? ती आज रात्रीच काढा.