चार क्रेडिटचं ऊन

एम.कॉम.ला प्रवेश घेतला तेव्हा माझा साधा हिशोब होता: दोन वर्षं पंख्याखाली बसायचं, नोट्सच्या झेरॉक्स काढायच्या, मग बघू. पण मध्ये 2020 चं शैक्षणिक धोरण आलं आणि त्यातून माझ्या वाट्याला आलं ते ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. चार क्रेडिट. एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे एकूण 120 तास खऱ्याखुऱ्या कामाच्या जागी काढायचे, आणि तेही दुसऱ्या सेमिस्टरला. हे सेमिस्टर सोलापुरात कुठल्या महिन्यांत येतं, याचा विचार करणारा माणूस त्या समितीत नसावा. असता तर त्याला एकदा मे महिन्यात भर दुपारी बाराला सात रस्ता चौकात गाडीच्या सीटवर बसवलं असतं. नुसतं बसवलं असतं, चालवायलासुद्धा सांगितलं नसतं.

सगळ्या वर्गाला सीएचं ऑफिस हवं होतं, कारण तिथे एसी असतो. चुणचुणीत पोरांनी त्या जागा फेब्रुवारीतच पटकावल्या. बँकेत गेलो तर ‘वरून पत्र आणा’ म्हणाले. वर कुठे, ते सांगेनात. शेवटी बाबांच्या ओळखीने अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेलचा कारखाना मिळाला. मालकांनी कॉलेजचं पत्र चष्मा वर करून वाचलं, मग चष्मा खाली करून वाचलं.

“पगार किती पायजे?”

“पगार नको, मालक. तास पाहिजेत.”

“इथं प्रत्येकाला तास कमी आन् पगार जास्त पायजे. तू उलटाच आलास की बे.”

घरी आजोबांना सगळं समजावून सांगायला गेलो, ती चूकच झाली. आजोबा तीस वर्षं गिरणीत होते, शेवटी जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. त्यांनी पंचांगामागचा कागद घेतला आणि पेन्सिलीने मांडलं: वर्षाला 300 दिवस, दिवसाला आठ तास, तीस वर्षं. 72,000 तास. भागिले 30, म्हणजे 2,400 क्रेडिट. तुझं अख्खं एम.कॉम. किती क्रेडिटचं? म्हटलं, 88 चं. आजोबांनी पुन्हा भागाकार केला आणि आजीला हाक मारून सांगितलं, “अगं, मी सत्तावीस वेळा एम.कॉम. आहे.” ही क्रेडिट ‘क्रेडिट बँके’त, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात म्हटल्यावर त्यांनी व्याजाचा दर विचारला. मी उठून गेलो.

सकाळी साडेसात ते अकरा कॉलेज, बारा ते सहा कारखाना. वीस दिवस. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, ते नेमकं माझ्या लेक्चरच्या वेळी यायचं. त्यामुळे कॉलेजात मी अर्धा ओला पोहोचायचो आणि कारखान्यात पूर्ण वाळलेला.

कारखान्यात पहिल्यांदा पाय ठेवला की कान जातात. माग चालू असताना बोलणं नावाचा प्रकार नसतो, सगळं हातवाऱ्यांवर. दोन बोटं ओठाला लावली की बिडी, मूठ फिरवली की बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपत आलाय, हात कपाळाला लावला की मालक आले. रुई उडत असते ती भुवयांवर बसते. पहिल्या दिवशी घरी गेलो तर आईला क्षणभर वाटलं, आजोबाच गाडी चालवून आले.

टेरी टॉवेलच्या मागाला दोन बीम असतात, हे मला तिथे कळलं. एकाचे धागे ताठ ताणलेले, त्यांच्यावर कापड उभं राहतं. दुसऱ्याचे मुद्दाम सैल सोडलेले. त्या सैल धाग्यांचे लूप होतात आणि पाणी शोषायचं काम ते लूप करतात. म्हणजे जगाचं अंग पुसतात ते सैल धागे. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या माणसाला यातून किती धीर येतो, ते पहिल्या बाकाला कळायचं नाही. मी हे लॉगबुकमध्ये ‘आत्मसात कौशल्य’ या रकान्यात लिहिलं. सरांनी लाल पेनाने शेरा मारला: ‘विषयाशी संबंधित लिहावे.’

विषयाशी संबंधित गोष्ट अकराव्या दिवशी घडली.

आमच्याकडे टॉवेल किलोवर विकला जातो. शनिवारी संध्याकाळी धुऊन, ड्रायरमधून निघालेला एक लॉट मी स्वतः तोलून लिहिला होता: 212 किलो. सोमवारी गाडी भरायच्या आधी पुन्हा तोलला तर 205. नग मोजले, बरोबर. पुन्हा मोजले, तरी बरोबर. सात किलो माल गेला आणि टॉवेल मात्र सगळे जागेवर! कॉस्टिंगच्या पेपरात नॉर्मल लॉस (कामात होणारच अशी घट), अ‍ॅबनॉर्मल लॉस (व्हायला नको होती अशी घट) सगळं वाचलेलं होतं. मी तडक अ‍ॅबनॉर्मल धरला. दीड पानी अहवाल लिहिला. त्यात ‘अंतर्गत नियंत्रणाचा अभाव’ हे शब्द दोनदा होते. एका ठिकाणी काटाही संशयित म्हणून घातला.

पॅकिंगला एक अक्का होत्या. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, मालकांशी गरजेप्रमाणे. त्यांनी माझा घाम बघितला, घडी घालायचं न थांबवता विचारलं, “काय हरवलं?”

“सात किलो.”

“शनवारी ओलसर होतं ना. रविवार अख्खा पत्र्याखाली पडून होता. उन्हानं नेलं.” मग एक टॉवेल गालाला लावून बघितला, जसं बाळाचा ताप बघतात. “आता खरं वजन. कापूस हाय तो, हवेतलं पाणी पितो न् सोडतो. पावसाळ्यात बघ, फुगतो कसा.”

अहवाल खिशातच राहिला असता तर बरं झालं असतं. पण तो मालकांच्या टेबलावर आधीच पोहोचला होता. त्यांनी शांतपणे वाचला, दोन्ही चष्म्यांनी. “चांगलं लिहितोस. आता सूर्याच्या नावानं सात किलोची डेबिट नोट काढ. पत्ता काय टाकतोस बघतो मी.”

पुढचे नऊ दिवस मला सगळे ‘सूर्याचा वकील’ म्हणत होते.

विसाव्या दिवशी सर तपासणीला आले. रुमाल डोक्यावर, हातात फॉर्म. मालकांनी मूल्यमापनाच्या प्रत्येक रकान्यात ‘ठीक’ लिहिलं होतं: वक्तशीरपणा ठीक, नेतृत्वगुण ठीक. सर म्हणाले, आकड्यात हवं. मालकांनी ‘ठीक’च्या पुढे आकडे लिहिले आणि शिक्का मेहुण्याच्या गाडीत आहे म्हणून मेहुण्याला बोलावणं पाठवलं. तो येईपर्यंत सर मागांतून हिंडले, मग पॅकिंगपाशी रेंगाळले. जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन सोलापुरी चादरीलाही आहे आणि टॉवेललाही, पण बाहेरचा पाहुणा चादरच मागतो, टॉवेलला कुणी विचारत नाही, अशी त्यांनी खंत व्यक्त केली. त्यावरून ओघानेच फॅक्टरी रेट निघाला. 30 बाय 60 चे एक डझन द्या म्हणाले. भावात घासाघीस करून किलोमागे दहा रुपये कमी करून घेतले, आणि मालकांनीही फार ताणून धरलं नाही.

मी रॅकवरचे, चांगले वाळलेले बारा टॉवेल काढायला गेलो. अक्कांनी माझा हात धरला आणि मानेनेच ड्रायरकडे खूण केली. मी तिकडचे काढले. काट्यावर पावणेसहा किलो भरले. सरांनी टॉवेल दाबून बघितला आणि म्हणाले, “बघ, वजन लागतंय हाताला. याला म्हणतात क्वालिटी.”

शिक्का आला, उलटा का होईना, उमटला. त्या दिवशीच्या ‘आत्मसात कौशल्य’च्या रकान्यात मी ‘वजन आणि मालाच्या मूल्याचा संबंध’ असं लिहिलं. सरांनी वाचलं, ‘आता विषयाला आलास’ म्हणाले आणि खाली सही केली.