सोयीचा माणूस? : एका प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक,

महोदय लिहायचं की महोदया, हे ठरवता येत नाही, कारण नाव द्यायची तसदी तुम्ही घेतलेली नाही. असो. 'अजितचा चेहरा' या माझ्या लेखाखाली तुम्ही परवा जे लिहिलंत ते आधी इथे उतरवतो, म्हणजे मी कशावरून चिडलोय ते बाकीच्यांना कळेल. तुम्ही म्हणता : "लेख गोड आहे. पण अजित हा ब्योमकेशचा मित्र नाही, सोयीचा माणूस आहे. त्याला आधी काही सांगायचं नाही, गरज पडली की खांबाखाली उभं करायचं, आणि शेवटी त्याच्यासमोर उलगडा करून शाबासकी घ्यायची. तुम्हाला हे दिसत नाही, कारण तुम्ही मालिका बघत नाही, आठवता. सत्यवतीला एका ओळीत गुंडाळलंय. आणि मालिका १९९२ ची नाही, १९९३ ची."

शेवटून सुरुवात करतो. साल चुकलं होतं. ब्योमकेश हा गुप्तहेर आणि त्याचा मित्र अजित यांच्या बंगाली कथांवरची हिंदी मालिका 'ब्योमकेश बक्षी' दूरदर्शनवर आली ती १९९३ मध्येच. दुरुस्ती केली आहे, आभार. चूक दाखवली की मी निमूट मान्य करतो, हे इथल्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

आता 'गोड'. मोठ्या माणसाच्या लिखाणाला मराठीत गोड कधी म्हणतात हो? सात वर्षांच्या पुतणीने काढलेलं घराचं चित्र गोड असतं. तिरका सूर्य, चुलीपेक्षा मोठं मांजर. त्यात चुका काढायच्या नसतात म्हणून आपण गोड म्हणतो. तुम्ही गोड म्हणून लगेच पुढच्या वाक्यात सुरी काढलीत. त्यापेक्षा 'लेख भिकार आहे' म्हणाला असतात तर मला बरं वाटलं असतं. निदान बरोबरीने भांडलो असतो.

आणि 'बघत नाही, आठवता' हे तुम्ही कशाच्या जोरावर लिहिलंत? त्या लेखासाठी मी सलग चार आठवडे, रात्रीची जेवणं झाल्यावर, यूट्यूबवर एकेक भाग पुन्हा पाहिला. वही घेऊन. पेन घेऊन. बायको दोनदा येऊन 'परीक्षा कधी आहे?' असं विचारून गेली. आठवणीवर लिहायचं असतं तर तो लेख एका दुपारीत झाला असता.

बरं, खांब. 'रास्ते का कांटा' या भागातला तुमचा खांब मला चांगला माहीत आहे. वर्तमानपत्रात विचित्र जाहिरात येते, वाटेतला काटा काढून हवा असेल तर अमुक वेळी अमुक दुकानाजवळच्या दिव्याच्या खांबापाशी उभे राहा अशा अर्थाची, आणि ब्योमकेश तिथे अजितला वेष बदलून पाठवतो. वापरलं की नाही? वापरलं! मी कधी नाही म्हटलं? पण तुम्ही तिथेच टीव्ही बंद केलात की काय? पुढे रात्री त्या सुनसान रस्त्यावर, सायकलच्या घंटीतून ग्रामोफोनची पिन मारून माणसं संपवणाऱ्याच्या समोर, छातीला चिनीमातीची बशी बांधून ब्योमकेश स्वतः जातो. (गोष्ट फोडली म्हणून कुणी ओरडू नका. तीस वर्षं झाली.) गर्दीच्या संध्याकाळी दिव्याखाली मित्राला उभं करणं आणि अंधारात स्वतः उभं राहणं, यातलं एकच उचलून दाखवायचं, याला काय म्हणावं?

'सोयीचा माणूस' हा शब्द मात्र मला झोंबला, हे कबूल करतो. म्हणून त्याच्यावर जरा थांबतो.

मुळात सोय कुणी कुणाची केली ते पाहा. पहिला भाग, 'सत्यान्वेषी'. कलकत्त्यातला मेस, चालवणारा होमिओपॅथीचा डॉक्टर, आसपास कोकेनचा धंदा आणि खून. अतुलचंद्र मित्र नावाचा एक तरुण जागा शोधत येतो. मेस भरलेला. तेव्हा त्याच मेसमध्ये राहणारा अजित, त्या माणसाला ओळखत नसताना, त्याला आपल्या खोलीत घेतो. तो अतुल म्हणजे ब्योमकेश, हे पुढे कळतं. म्हणजे या मैत्रीत पहिलं दान अजितचं आहे, आणि तेही खोटं नाव सांगणाऱ्याला दिलेलं. प्रकरण मिटल्यावर ब्योमकेश हॅरिसन रोडवरच्या स्वतःच्या बिऱ्हाडात अजितला बोलावतो आणि इथेच राहायला ये म्हणतो. ज्याने अर्धी खोली दिली त्याला अर्धं घर. गुप्तहेर हा शब्द नको म्हणून दारावर स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवणारा हा माणूस, ओळखीची सुरुवात मात्र खोट्या नावाने करतो आणि मग आयुष्यभर ते फेडत राहतो. मला तरी ते तसं दिसतं. हॅरिसन रोडचा आता महात्मा गांधी रोड झालाय. तिथल्याच एका बोर्डिंगात या कथांचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय विद्यार्थी असताना राहिले होते. परक्या माणसाबरोबर खोली वाटून घेण्यातलं सुख आणि वैताग त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नसणार.

'त्याला आधी काही सांगायचं नाही' हेही तुम्ही मोठ्या तोऱ्यात लिहिलंय. अहो, कसं सांगणार? अजित झालेल्या के. के. रैनांचा चेहरा पाहिलाय का तुम्ही? त्या चेहऱ्यावर काहीही लपत नाही. संशय आला की भुवयांत, वाईट वाटलं की ओठांच्या कोपऱ्यात. असा माणूस शेजारी घेऊन गुन्हेगारासमोर बसायचं तर त्याला आधी सांगून चालेल? रजित कपूरचा ब्योमकेश चहा पिताना, सिगारेट शिलगावताना अर्धं मन दुसरीकडे ठेवू शकतो. अजितला ते जमत नाही. न सांगणं हा तिथे त्याचा अपमान नाही, त्याची ओळख आहे.

आणि माझ्या लेखाचा गाभा हाच होता, जो तुम्ही 'गोड' म्हणून ओलांडून गेलात. बंगाली कथांत बहुतेक ठिकाणी अजितच गोष्ट सांगतो. तो लेखक आहे, 'मी' तो आहे, ब्योमकेश आपल्याला भेटतो तो त्याच्या शब्दांतून. म्हणजे कागदावर सत्ता अजितची. पडद्यावर आल्यावर ती सत्ता जाते. कॅमेरा सांगतो, अजित नुसता दिसतो. मग त्याच्याकडे उरतं काय? ऐकणं. दिग्दर्शक बासु चटर्जींनी घाई न करता ते ऐकणं दाखवलं. ब्योमकेश बोलतोय आणि आपण अजितकडे बघतोय, असं किती वेळा होतं ते एकदा मोजा. मी मोजत बसलो होतो. दुसऱ्या कुठल्या गुप्तहेर मालिकेत ऐकणाऱ्याला इतकी जागा मिळालेली मला दिसली नाही. (होम्सचा वॉटसन आणि प्वारोचा हेस्टिंग्ज घेऊन कुणी येऊ नका. ते भांडण वेगळं.)

'मकडी का रस' घ्या. ब्योमकेश दुसऱ्या कामात अडकलाय, म्हणून अजित एकटा जातो त्या नंददुलालच्या घरी. आजारी, तिरसट म्हातारा, नशा करतो हे घरच्यांना माहीत, पण ती त्याच्यापर्यंत पोचते कशी ते कुणाला कळत नाही. अजितलाही कळत नाही. पण तिथे जे जे दिसलं ते सगळं तो जसंच्या तसं आणून मित्रासमोर ओततो, आणि त्यातूनच ब्योमकेश उत्तर काढतो. दुसऱ्याच्या डोळ्यांवर इतका भरवसा कोण ठेवतो? सोयीच्या माणसाकडून आपण निरोप मागवतो. त्याच्या सांगण्यावर आपलं नाव पणाला लावत नाही.

आता जरा वेगळं, घरगुती. १९९६ ते १९९९ मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो. एका खोलीत तिघं, त्यातला एक दर सहा महिन्यांनी बदलायचा. टिकलो दोघंच, मी आणि तो. नाव लिहीत नाही. रात्री दहाला मालकीणबाई खालचं दार लावायच्या. तो क्लासवरून साडेदहाला यायचा, म्हणून मी जिन्यात बसून राहायचो आणि हळूच कडी काढायचो. त्याचा डबा झाकून ठेवायचा, रविवारी रात्री डबा नसे तेव्हा त्याच्यासाठी भुर्जी-पाव बांधून आणायचा. मग तो जेवता जेवता दिवसभराचं सांगायचा. क्लासमधली माणसं, त्यांची लफडी, कोण कुणाला फसवणार ते. अंदाज बहुतेक बरोबर यायचे. मी विचारायचो, 'तुला कसं कळलं?' तो म्हणायचा, 'थांब रे जरा.' आणि मी थांबायचो.

१९९७ मध्ये मालिका पुन्हा नव्या भागांसह सुरू झाली तेव्हा आम्ही मालकीणबाईंच्या उंबऱ्यात बसून बघायचो. आत बोलावणं नसे. त्याला खुनी आधी कळायचा, पण मला सांगायचा नाही. माझी मजा जाईल म्हणून. त्या तीन वर्षांत मी कुणाच्या 'सोयीचा' होतो असं मला एकदाही वाटलं नाही. ऐकणारा माणूस म्हणजे खुंटी नव्हे, ज्याच्यावर येईल त्याने शर्ट टांगावा. ऐकण्यासाठी रात्रभर जागावं लागतं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेंगावं लागतं, आणि सांगणाऱ्याला मध्येच तोडायचं नसतं. तुम्ही कधी कुणाचं असं ऐकलंय का? प्रतिक्रियेवरून तरी वाटत नाही. हे जरा लागट झालं, पण सुरुवात तुमची.

आता आमचा फोन होत नाही. तो परदेशात गेला, मग लग्न, मग मुलं. पत्रिका आली होती छापील. त्याचा इथे काही संबंध नाही, पण तुमच्यासारखं कुणीतरी विचारेलच म्हणून आधीच सांगून ठेवलं.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मीच काढतो. शेवटच्या कथांत अजित लिहिणं सोडतो. तो पुस्तकं छापण्याच्या धंद्यात पडतो आणि गोष्ट तिऱ्हाइताच्या तोंडून सांगितली जाते. यावर तुमच्यासारखे लगेच म्हणतील, बघा, काम संपलं, बाजूला सारला. मी म्हणतो, सोयीच्या माणसाला आपला स्वतःचा धंदा काढायची मुभा असते का? त्याने लेखणी ठेवली आणि मैत्रीचं काही बिघडलं नाही. याहून अधिक पुरावा काय हवा? या उत्तरकाळातल्या कथा शरदिंदूंनी लिहिल्या तेव्हा ते कुठे राहत होते, माहीत आहे? पुण्यात. १९३८ मध्ये ते मुंबईला बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला आले, १९५२ पासून पुण्यात राहिले. शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या सदाशिब नावाच्या पोराच्या गोष्टी बंगालीत लिहिल्या. मध्ये पंधरा वर्षं ब्योमकेश बंद होता, तो १९५१ मध्ये परत सुरू झाला. मी सदाशिव पेठेत राहिलो म्हणून मला अधिकार आला असं नव्हे, पण ज्या गावात बसून त्यांनी अजितच्या हातून लेखणी काढून घेतली तिथल्या रात्री मला थोड्या माहीत आहेत, एवढंच.

राहिली सत्यवती, ब्योमकेशची बायको. तुम्ही बहुधा बाई असाल, कारण हा मुद्दा नेहमी... जाऊ दे, ते वाक्य खोडतो. सत्यवती झालेली सुकन्या कुलकर्णी आपली आहे, 'आभाळमाया'च्या कितीतरी आधी ती तिथे होती, याचा अभिमान मलाही आहे. पण माझा लेख दोघांच्या मैत्रीवर होता. तिसऱ्या माणसावर लिहिलं नाही म्हणून पहिल्या दोघांवरचं खोटं ठरत नाही. ब्योमकेशचं लग्न झाल्यावरही अजित त्याच घरात राहतो आणि घर मोडत नाही, हे त्या एका ओळीत मी लिहिलंच होतं. ते घर न मोडण्यासाठी स्वयंपाकघरात कोण काय करत होतं वगैरे चर्चा हल्लीची आहे. त्यावर वेगळा लेख होईल. किंवा तुम्ही लिहा.

शाबासकीचं तुम्ही जे म्हणता त्यावर मला काही बोलायचं नाही.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, लेखाखाली आहे तशीच आहे. पुन्हा लिहायचं असेल तर नाव घालून लिहा. टोपणनावही चालेल, ब्योमकेशलाही पहिल्या भेटीत चाललं होतं.

ता. क. : हे लिहून झाल्यावर काल रात्री 'वसीयत' पुन्हा लावला, फक्त तारखा तपासायला म्हणून. भावावर खुनाचा आळ आलेली सत्यवती त्या भागात ज्या तऱ्हेने उभी राहते, ते पाहता एक ओळ कमी पडली. दोन हव्या होत्या. मूळ लेखात दुसरी घातली आहे. तुम्ही म्हणालात म्हणून नव्हे.