वसुलीचा कायदा हवाच होता, पण गल्लीतल्या सोसायटीचं काय?

बेळगावच्या वडगावातल्या एका छोट्या सौहार्द सोसायटीचा, म्हणजे सहकारी पतसंस्थेचा, मी संचालक आहे. म्हणजे या विषयात माझा हितसंबंध आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही स्पष्ट बोलतो. फायनान्सवाल्यांच्या वसुलीला लगाम घालणारा कायदा हवाच होता. पण २०२२ पासून एकामागून एक जे नियम आले, त्यांत मोठ्या कंपन्या तग धरून आहेत आणि छोटे कर्ज देणारे मोडकळीला आलेत. छोटा मोडला की कर्ज लागणाऱ्या बाईला मीटर बड्डीवाल्याशिवाय, म्हणजे भरमसाट व्याजाने पैसे देणाऱ्या खासगी सावकाराशिवाय, दार उरत नाही. हे बेळगावात बसून मला रोज दिसतंय.

गेल्या वर्षी जानेवारीत काय चाललं होतं ते आठवा. २०२५ ची गोष्ट. रोज पेपरात तेच. फायनान्सच्या छळाला कंटाळून गाव सोडलेली कुटुंबं, आत्महत्या, जिल्हाधिकारी कार्यालयासमोर जमलेल्या बायका. बाळंतिणीला तान्ह्या पोरासकट घराबाहेर काढल्याची बातमी तर आपल्याच तालुक्यातली होती. ती वाचल्यावर ज्याला काही वाटलं नसेल त्याच्याशी मला वाद घालायचा नाही. कर्नाटक सरकारने याविरुद्ध वटहुकूम काढायचं ठरवलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

राज्यपालांनी पहिला मसुदा ७ फेब्रुवारीला परत पाठवला. दहा वर्षं तुरुंग आणि पाच लाख दंड ही शिक्षा जास्त आहे, शिवाय प्रामाणिक कर्ज देणाऱ्याने वसुली कशी करायची, असा त्यांचा आक्षेप होता. पाच दिवसांनी, १२ फेब्रुवारीला, सही झाली आणि मार्चमध्ये विधिमंडळाने कायदाही केला. नोंदणी नसलेल्याने दुर्बल घटकांतल्या माणसाला दिलेलं कर्ज आणि व्याज फिटलं असं धरायचं, तीस दिवसांत जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणी करायची, पोलिसांनी तक्रार नाकारायची नाही, शिक्षा सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत. दारात येऊन शिव्या देणाऱ्याला धाक बसायला एवढं कडक लागतंच, या मताचा मी आजही आहे.

पण कायदा टीव्हीवरून गल्लीत पोचला तो "कर्ज माफ" एवढाच. त्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक मावशी आल्या. गेली कित्येक वर्षं हप्ता न चुकवणाऱ्या. म्हणाल्या, "सगळ्यांचं कर्ज माफ झालंय म्हणून सांगालेत की टीव्हीत. तुम्हीच तेवढं घ्यालाय व्हय?" मी त्यांना बसवून सांगितलं की सोसायटी सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेली आहे, इथलं कर्ज माफ झालेलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या गल्लीतल्या बाकीच्या बायकांनी पुढचे हप्ते थांबवले. मोठ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांचीही त्या काळात कर्नाटकातली वसुली घसरली. फरक एवढाच की त्यांच्यामागे दहा राज्यांचा धंदा आणि शेअर बाजारातलं भांडवल आहे. आमच्यामागे पिग्मी आहे. रोज संध्याकाळी एजंट खासबागच्या मागवाल्याकडून, भाजीवालीकडून, टेलरकडून वीस-पन्नास रुपये गोळा करतो, तेच पैसे आम्ही कर्जाने देतो. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. म्हणजे एका बाईचा हप्ता बुडाला की तो शेजारच्या बाईच्या ठेवीतून जातो. "सावकार बुडाला, बरं झालं" म्हणणाऱ्यांनी हा पैसा कुणाचा आहे ते एकदा बघावं.

आता रिझर्व्ह बँकेचे नियम. ते आमच्या सोसायटीला थेट लागू नाहीत, पण झळ लागतेच. एप्रिल २०२२ पासून मायक्रोफायनान्सचा नवा नियम आला: कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत, तारण घ्यायचं नाही, सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायचे नाहीत. व्याजावरची आधीची मर्यादा मात्र उठवली. त्यानंतरची दोन वर्षं आपल्या भागात कर्ज वाटायची नुसती शर्यत लागली होती. एकाच बाईच्या दारात सोमवारी एक, मंगळवारी दुसरा, गुरुवारी तिसरा. निम्म्या उत्पन्नाचं गणित कागदावर कसं जुळवलं जात होतं ते सेंटर मीटिंगला, म्हणजे कंपनीच्या हप्ते गोळा करायच्या बैठकीला, बसणाऱ्या बायकांना विचारा. मागावर काम करणाऱ्या घराचं उत्पन्न मंगाईच्या यात्रेआधी वेगळं आणि भर पावसात ऑर्डर नसताना वेगळं. फॉर्मवर ते बारा महिने सारखंच लिहिलेलं असायचं.

मग ब्रेक लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांचा आणि बँकांनी फायनान्स कंपन्यांना दिलेल्या कर्जांचा धोका-भार वाढवला, म्हणजे अशा कर्जामागे बँकेने जास्त भांडवल बाजूला ठेवायचं. बँकांकडून मिळणारा पैसा महागला आणि आटला. ज्यांचं रेटिंग उत्तम त्यांनी तो कसाबसा मिळवला, छोट्यांना बँका दारात उभं करेनात. फेब्रुवारी २०२५ मध्ये भार बराचसा परत कमी केला, पण तोवर मधलं सव्वा वर्ष निघून गेलं होतं, आणि ज्याच्याकडे ठेवी घ्यायचा परवाना नाही त्या छोट्या कंपनीने सव्वा वर्ष कशावर काढायचं? त्यात भांडवलाची अट. मायक्रोफायनान्स कंपनीचा स्वतःचा निधी पाच कोटींवरून मार्च २०२५ पर्यंत सात कोटी आणि मार्च २०२७ पर्यंत दहा कोटी पाहिजे. दोन-तीन तालुक्यांत काम करणाऱ्याने एवढं भांडवल आणायचं कुठून? विकून टाकायचं नाहीतर परवाना परत करायचा.

सगळ्यात जास्त मला सतावतो तो तीन कंपन्यांचा नियम. मायक्रोफायनान्सवाल्यांच्या स्वनियामक संस्थेने (कंपन्यांनीच स्वतःला नियम घालायला केलेल्या) ठरवलं की एप्रिल २०२५ पासून एका बाईला तीनपेक्षा जास्त कंपन्यांनी कर्ज द्यायचं नाही आणि एकूण कर्ज दोन लाखांच्या वर न्यायचं नाही. हेतू शंभर टक्के योग्य आहे. पण जी बाई चौथ्याचं कर्ज काढून पहिल्याचा हप्ता भरत होती, तिचा चौथा एका दिवसात बंद झाला. ती पदर खोचून आमच्याकडे येते. कंपनीला तिचा क्रेडिट रिपोर्ट दिसतो, आम्हाला काढता येत नाही. आमचं कर्जही त्या रिपोर्टात येत नाही. म्हणजे जिला सगळीकडून नकार मिळालाय तिला कर्ज द्यायचा निर्णय तिच्याबद्दल सगळ्यात कमी माहिती असलेल्या संस्थेने घ्यायचा. आम्ही काय करतो? तिची गल्ली माहिती असते, नवरा काय करतो, पोरगा मच्छे-उद्यमबागेत कामाला जातो का नाही हे माहिती असतं. त्यावर चालतं, पण चार ठिकाणी किती देणं आहे ते शेजारीण सांगत नाही. आणि आम्ही नाही म्हटलं तर शेकडा दहाचा मीटर बड्डीवाला आहेच. महिन्याला शेकडा दहा म्हणजे वर्षाला एकशे वीस टक्के. त्याच्याकडे पावती नाही, बोर्ड नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध तक्रारही नाही. नवा कायदा खरा त्याच्यासाठी लिहिलाय, आणि त्याच्याविरुद्ध पोलीस ठाण्यात जायला बाई सगळ्यात जास्त घाबरते.

आपल्या सीमाभागाचा एक वेगळा पेच आहे, त्यावर बेंगळुरूत कुणी बोलत नाही. उचगावातली बाई आणि पलीकडे शिनोळीतली तिची बहीण एकाच कंपनीचा हप्ता भरतात. अलीकडच्या बहिणीला कर्नाटकचा कायदा, पलीकडचीला नाही. तिथे सावकारीसाठी महाराष्ट्राचा २०१४ चा कायदा आहे. लेक चंदगडला दिलेली असते आणि तिच्या नावावरचं कर्ज खानापुरात माहेरी वापरलेलं असतं. मग तक्रार करायची कुठे?

आणि कागद. कर्जदाराला समजेल अशा भाषेत कर्जाची माहिती द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ऑक्टोबर २०२४ पासून व्याज, सगळे आकार आणि एकूण परतफेड एका पत्रकात, त्याच भाषेत द्यायची सक्ती झाली. खानापूर तालुक्यातल्या बायकांनी मला दाखवलेले कागद कन्नड किंवा इंग्रजीत होते. त्या मराठी बोलतात, मराठी शाळेत शिकल्या, आणि अंगठा नव्हे, पूर्ण सही करतात. कशावर केली ते त्यांना वाचता येत नाही. हा हक्क रिझर्व्ह बँकेने दिलेला आहे, त्यासाठी कुठलं आंदोलन करायची गरज नाही. सेंटर मीटिंगला "मराठीत द्या" म्हणून मागायचा. आमच्या सोसायटीचा कर्जअर्ज आम्ही मराठी आणि कन्नड दोन्हीत छापतो. एवढ्या छोट्या संस्थेला जमतं तर मोठ्यांना का जमू नये?

सहकार खात्याकडे आणि आपल्या आमदारांकडे आम्ही काही सोसायट्या मिळून निवेदन देतोय. त्यात तीनच मागण्या आहेत. छोट्या सोसायट्यांना क्रेडिट रिपोर्ट पाहायची आणि आपली माहिती तिथे द्यायची सोय करा. कायद्यात काय माफ आहे आणि काय नाही, ते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर कन्नड आणि मराठीत लावा. आणि वसुलीच्या वागणुकीची तपासणी मोठ्या-छोट्या सगळ्यांची सारखीच करा, पण कागदपत्रांचा बोजा संस्थेच्या आकाराप्रमाणे ठेवा. ज्या सोसायट्यांना सही करायची आहे त्यांनी मेसेज करा.

आणि ज्या बायकांकडे वाचता न येणारे कर्जाचे कागद आहेत, त्यांनी ते घेऊन शनिवारी दुपारी आमच्या ऑफिसात यावं. कुठल्याही कंपनीचे असोत. आमच्याकडे कन्नड येणारी मुलगी आहे, ती आणि मी मिळून मराठीत वाचून, व्याज आणि आकार वेगळे काढून लिहून देऊ. वसुलीवाला सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर येत असेल, तर तारीख, वेळ आणि नाव वहीत लिहून तीही वही सोबत आणा.