आजीची सही

मार्चमध्ये आमच्या गावच्या ग्रुपवर फोटो आला. कोरेगाव तालुक्यातलं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, आणि पोरांच्या बाकांवर अवघडून बसलेल्या बायका ‘उल्लास’ या सरकारी प्रौढ साक्षरता योजनेचा दीडशे गुणांचा पेपर लिहितायत. खाली लगेच वाद पेटला. साठीच्या बायकांना अक्षरं शिकवून काय मिळणार, तोच पैसा पोरांच्या शाळेवर घाला, असं बऱ्याच जणांचं म्हणणं.

फोटोत माझी काकी होती. फोनवर म्हणाली, “मला काय आता कलेक्टर व्हायचंय व्हय? पण नातवाचं पुस्तक उघडून बघावंसं वाटतं गं.”

ग्रुपवर आई एकीकडे आणि पोर दुसरीकडे, अशी वाटणी चालली होती. काकीच्या मनात ती नाहीच. मला तिचंच खरं वाटतं, आणि त्याला कारण माझी आजी आहे.

सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम १९५९ साली सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि १९७२ मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. आजी त्याच मोहिमेत रात्री कंदिलापाशी बसून शिकली. पण मला कळायला लागलं तोवर तिच्या हातात फक्त सही उरली होती. घरात वाचायला होतं तरी काय? पंचांग आणि कारखान्याच्या पावत्या. तिची मुलं दिवसा शाळेत, ती रात्री वर्गात. माझ्या वडिलांनी तिला कधी धडा वाचून दाखवला नाही, आणि तिनं मागितलाही नाही. आजीला बुद्धी कमी होती असं कुणी म्हणालं तर मला आजही राग येतो.

मी कार्डिफला चौदा वर्षं राहते. नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये चार ठिकाणी कुटुंब साक्षरतेचे वर्ग करून पाहिले, त्यातलं एक हे शहर. बारा आठवडे, एकूण ९६ तास. पालक वेगळे शिकत, मुलं वेगळी, आणि मग दोघं एकत्र बसत. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा मुलांची प्रगती टिकली होती आणि पालकही पुढं गेले होते. इस्तंबूलमध्ये १९८२ पासून गरीब वस्त्यांतल्या आयांना मुलांशी कसं बोलायचं, गोष्ट कशी सांगायची हे शिकवलं गेलं. सात वर्षांनी त्यांची ८६ टक्के मुलं शाळेत होती. ज्यांच्या आयांना हे मिळालं नव्हतं त्यांची ६७.

परदेशातलं सगळंच चांगलं, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत पालक आणि मुलं दोघांना शिकवणाऱ्या सरकारी ‘ईव्हन स्टार्ट’ योजनेतली कुटुंबं इतरांपेक्षा पुढं गेलेली दिसली नाहीत, आणि बरीच कुटुंबं वर्गाला पुरती आलीच नव्हती. आपल्याकडं बिहार-राजस्थानच्या ४८० गावांत आयांचे वर्ग आणि घरी मुलांसोबत करायच्या कृती, असं करून पाहिलं. आया शिकल्या, पण मुलांच्या गणितात फरक थोडाच पडला. म्हणजे नुसता वर्ग उघडून भागत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. वर्ग शाळेतच घ्या, पण पोरांनाही आठवड्यातून दोनदा आईजवळ, आजीजवळ बसवा आणि त्यांचंच बालभारती समोर ठेवा. ऊसतोडीच्या आणि भांगलणीच्या दिवसांत वेळ बदला, नाहीतर वर्ग ओस पडेल. आणि परीक्षेनंतर सहा महिने तरी तो बंद करू नका. आजीचं सगळं शिकणं त्या नंतरच्या महिन्यांतच वाहून गेलं.

गावातला वर्ग निकालानंतर बंद झाला. नातू तिसरीत गेला. घरात रद्दी काढली तेव्हा काकीनं त्याचं दुसरीचं पुस्तक तेवढं देऊ दिलं नाही.