रात्री कुणी हात केला तर थांबायचं की नाही?

"त्या वळणावर पांढऱ्या साडीतली बाई हात करते. गाडी थांबवू नका, काच खाली करू नका, मागे बघू नका." घाटाचं नाव बदलून हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भुताच्या गोष्टी मला मनापासून आवडतात. हडळ, मुंजा, वेताळ, चकवा, सगळे टिकायला हवेत. पण त्या 'थांबू नका'चा मला राग येतो.

आधी एक सांगते. या गोष्टींना थोतांड म्हणून झटकून टाकणाऱ्यांतली मी नाही. चकव्याचंच घ्या. माणूस रात्रभर रान तुडवतो आणि पहाटे पुन्हा त्याच झाडाखाली येऊन उभा राहतो. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात चालायला लावून पाहिलं. २००९ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. तो झाकला की वाट वळायला लागली, जंगलात तर ती गोल गोल फिरली, आणि आपण नाकासमोरच चाललोय अशी त्यांची खात्री होती. डोळे बांधल्यावर काही वर्तुळं जेमतेम २० मीटर व्यासाची निघाली. म्हणजे चकवा लागल्याचं सांगणारी जुनी माणसं खोटं बोलत नव्हती.

गाडीतही तसंच. पहाटेच्या वेळी झोप सर्वांत अनावर होते. ताशी ८० किलोमीटर वेगात तीन सेकंद डुलकी लागली तर गाडी ६५ मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. त्या अर्धवट जागेपणी रस्त्यात कुणीतरी उभं दिसणं अगदी शक्य आहे.

आता 'लिफ्ट मागणारं भूत'. ही गोष्ट जगभर आहे. १९४२ मध्येच अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी तिची ७९ वर्णनं गोळा केली होती. शिकागोच्या आर्चर अव्हेन्यूवर मेरी नावाची मुलगी गाडीत बसते आणि दफनभूमीपाशी नाहीशी होते. दक्षिण आफ्रिकेत युनियनडेलजवळ १९६८च्या ईस्टरमध्ये अपघातात गेलेली तरुणी अजून लिफ्ट मागते म्हणतात. यातलं काय लक्षात घ्यायचं? या जुन्या गोष्टींत चालक थांबतो. तिला घरी पोहोचवू बघतो. तिला फक्त घरी जायचं असतं, ती कुणाचा जीव घेत नाही.

सर्वांत जास्त हलवून सोडलं ते जपानने. २०११च्या त्सुनामीनंतर इशिनोमाकी शहरातल्या टॅक्सीचालकांशी समाजशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने बोलून प्रबंध लिहिला. एका चालकाने सांगितलं, उन्हाळ्यात जाड कोट घातलेली बाई बसली आणि मिनामिहामाला न्यायला सांगितलं. तिथे आता काहीच उरलं नाही, असं तो म्हणाला. तेव्हा तिने विचारलं, "मी मेले का?" त्याने वळून पाहिलं तर सीट रिकामी. मीटर पडलेला असायचा, म्हणून अशा फेऱ्यांचे पैसे चालकांनी स्वतःच्या खिशातून भरले. आणि पुन्हा असं कुणी भेटलं तरी बसवून नेऊ, असं ते म्हणाले.

आपल्याकडची गोष्ट मात्र माणसाला पळायला शिकवते. २०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत दहा मृत्यू झाले, किंवा मृत्यू वा गंभीर जखमांचे पाच अपघात झाले, की सरकार त्याला 'ब्लॅक स्पॉट' म्हणतं. गावाच्या तोंडी अशाच वळणाला कधीकधी 'झपाटलेलं' हे नाव पडतं. तिथे भूत आहे म्हटलं की दिवा का नाही, वळणाचा उतार कुणी चुकीचा काढला, कठडा कधी तुटला, हे विचारायचं राहून जातं. ज्या घरातली लेक तिथे गेली, त्या घराला तिचं भूत झालेलं रीलमध्ये बघावं लागतं, ते वेगळंच.

आणि समजा, उद्या तिथे खरंच एखादी रक्ताळलेली बाई हात करत असेल तर? अपघातानंतरचा पहिला तास कायद्यानेही 'गोल्डन अवर' मानलाय. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. पोलीस किंवा हॉस्पिटल तुम्हाला नाव-पत्ता द्यायची सक्ती करू शकत नाहीत.

लूटमारीची भीती खरी आहे, विशेषतः एकट्या बाईला. मग उतरू नका. थोडं पुढे, उजेडात जा, पण ११२ किंवा १०८ला फोन लावा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, म्हणजे गाडी नेमकी तिथे पोहोचेल. तो मेसेज पुन्हा आला तर पुढे पाठवताना 'थांबू नका'च्या जागी हे तीन नंबर लिहा.