भाकरी करणारीला गरम भाकरी कोण घालतं?

काल रात्री लेकीबरोबर एक पिक्चर बघितला. नाव सांगत नाही, कारण तसले ढिगानं आहेत आणि सगळे एकाच साच्यातले. मोठं हॉटेल, चकचकीत किचन, ती शेफ, तो पण शेफ, आधी भांडणं मग प्रेम. बाहेर सगळी टेबलं भरलीत, आणि आत ही दोघं एकमेकांच्या डोळ्यात बघत सॉस ढवळतायत. तिचे केस मोकळे. नाकाला पीठ लागतं, तो बोटानं पुसतो, झालं, पडले प्रेमात. मी गप्प बघत होते. पण संपल्यावर लेक म्हणाली, "किती गोड ना! आजी-आजोबांचं असलं काही नसणार, ते बिचारे नुसते राबले."

ती वाईट हेतूनं बोलली नाही. पण सकाळपासून ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

जुन्या मैत्रिणींना आठवत असेल, सांगली स्टँडच्या मागं आमची खानावळ होती. रस्सा आणि गल्ला अण्णांकडं, भाकरी आईकडं. शाळूची भाकरी, दोन्ही वेळच्या मिळून 150 च्या वर जायच्या, बाजाराच्या दिवशी तर मोजदादच नाही. आणि भाकरीच्या गॅसजवळ पंखा लावता येत नाही, जाळ हलतो, भाकरी एका अंगाला करपते. एप्रिल-मे मध्ये सांगलीचं ऊन काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, त्यात दोन तवे पेटलेले आणि पंखा बंद. बांगड्या तापून चटके बसतात म्हणून आई त्या काढून खिळ्याला अडकवायची, हातात एकएकच ठेवायची. मोकळे केस कसले, डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं असायचं, एक केस ताटात गेला तर गिऱ्हाईक ताट सरकवून उठून जातं. एकानं एकदा अख्खं ताट आईच्या पायापाशी भिरकावलेलं मी बघितलंय. मी तिसरीत होते. आई खाली बसून भात गोळा करत होती आणि अण्णा काही न बोलता तिच्याशेजारी येऊन बसले, तेही गोळा करायला लागले.

आता ह्यात प्रेम दिसत नसेल तर मला त्या पिक्चरवाल्यांचा खरंच राग येतो. ह्यांच्या किचनला मोरीच नसते! भांडी कोण घासतं? खरकटं कोण काढतं? आमच्याकडं भांड्याला एक मावशी होत्या, राखेनं आणि सोड्यानं त्यांच्या बोटांची सालं निघायची. एकाही पिक्चरमध्ये असली बाई हिरॉइन झालेली मी बघितली नाही, हिरॉइनच्या मागनं बादली घेऊन जाताना पण नाही. आणि गर्दीच्या वेळी कोण कुणाच्या डोळ्यात बघतं हो? अण्णा आतल्या दाराशी येऊन "चार भाकरी, दोन कडक!" एवढंच ओरडायचे, आई तिकडं न बघता "थांबा की जरा!" म्हणायची. दिवसभराचं दोघांचं बोलणं ते एवढंच.

पण रात्रीचं लेकीला माहीतच नाही. तिनं अण्णांना बघितलंच नाही.

शेवटच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर जेवून गेले की अण्णा शटर निम्मं खाली ओढायचे आणि आईला म्हणायचे, "जा, बाहेर टेबलावर बस." बाहेर म्हणजे गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर, पंख्याखाली. आणि स्वतः परात ओढून भाकरी थापायला बसायचे. एकच भाकरी. तिच्यासाठी. कारण जी भाकरी करते तिला गरम भाकरी कधीच मिळत नाही, हे तुम्हालाही घरात बघून ठाऊक असेल, सगळ्यांना तव्यावरची आणि तिला मात्र शेवटची, गार, नाहीतर सकाळची. अण्णांना पाण्याचा अंदाज कधी आला नाही. पीठ तुटायचं, भाकरीच्या कडा चिरायच्या, वरनं पाणी फिरवायला उशीर व्हायचा. पण रोज थापायचे. मी गल्ल्याशेजारी पोत्यावर झोपेचं सोंग घेऊन बघायचे, आई बाकड्यावर पाय वर घेऊन, खिळ्यावरच्या बांगड्या परत हातात चढवत बसलेली असायची.

बरं, सगळेच पिक्चर वाईट नाहीत, तेवढं मान्य करते. 'चीनी कम' मध्ये पुलावात मिठाच्या जागी साखर पडते, तब्बू ताट परत पाठवते, अमिताभ तिलाच चार शब्द सुनावतो, आणि मग ती स्वतः पुलाव करून त्याच्या हॉटेलात पाठवते. भांडायला म्हणून का होईना, पण शेफला कुणीतरी करून घातलं! मला तो पिक्चर तिथंच आवडला, लंडन आणि 64 वर्षांचा हिरो राहू दे बाजूला. त्याच 2007 सालचा इंग्लिश 'नो रिझर्व्हेशन्स', मूळ जर्मन, 2001 चा. त्यात आई गेलेली एक छोटी मुलगी काही केल्या जेवत नाही. मावशी एवढी मोठी शेफ, तिच्या हातचं पण नाही. आणि तो दुसरा शेफ आग्रहबिग्रह न करता आपली स्पॅगेटीची वाटी तिच्या हातात ठेवून सरळ निघून जातो, मग पोरगी खायला लागते. मी त्या सीनला रडले होते. ज्यानं लिहिला त्यानं कुणाला तरी भुकेलं बघितलेलं असणार.

म्हणजे ह्यांना कळतं. कळत असून नाकाला पीठ कशाला लावतात? थकून आल्यावर लोकांना हलकंफुलकं बघायचं असतं, खरंय, मी पण बघते. पण मग लेकी-पोरी राबणाऱ्या माणसांना "बिचारे" म्हणायला लागतात त्याचं काय?

2005 च्या महापुरात खानावळीत पाणी शिरलं आणि ती परत काही उभी राहिली नाही. पाणी चढायला लागलं तेव्हा अण्णांनी आधी आईची परात आणि तवा डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेला, गल्ला आणायला दुसऱ्या खेपेला आले. तो तवा आजही माझ्याकडं आहे. अण्णा गेल्यावर आईनं मात्र त्याला हात लावला नाही, मीच भाकऱ्या करते.

एवढं लिहीत होते तर आई आतनं आली, "काय एवढं टाइप करतीस मघापासनं?" म्हणाली. वाचून दाखवलं. अण्णांच्या भाकरीपाशी आल्यावर म्हणाली, "कधीच जमली नाही त्यांना. मधी कच्चीच असायची."

"मग रोज खायचीस ती?"

"मग काय टाकून देऊ व्हय?"